मालकांचा दिल्लीतला सोमवार

शहापुरात मी खोली बघायला गेले, तेव्हा मालकांनी खोली दाखवायच्या आधी मला जेवायला बसवलं. दुपारची वेळ होती, उन्हातनं चालत गेले होते. फाटकाशी उभं राहून "खोली रिकामी आहे का?" एवढंच विचारलं, तर आतून आवाज आला, "या, या, या. आधी आत या." तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी जेवत होते आणि ते समोर उभे राहून पंखा कुठल्या बाजूला वळवावा याची काळजी करत होते. जेवून उठले, आभार मानले आणि पार एसटी स्टँडवर पोचल्यावर लक्षात आलं की खोली बघायची राहिलीच. परत गेले.

"या, या," मालक म्हणाले. "काय विसरलं?"

"खोली."

"हां. ती पन हाय," म्हणून त्यांनी किल्ली शोधायला घेतली.

त्या खोलीत मी सहा वर्षं राहिले. तिथल्या कॉलेजात शिकवत होते. तोंडावर त्यांना काका म्हणायचे, पण मनात ते कायम मालकच. भातसानगरला धरणाच्या कॉलनीत त्यांची नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर शहापूरच्या कडेला घर बांधलं आणि मागची खोली भाड्यानं द्यायला ठेवली. उंच, किडकिडीत माणूस. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सदा कोपरापर्यंत वर. "वाढताना आड येतात," असं कारण सांगत. जेवणाची वेळ नसली तरी बाह्या वरच.

त्यांचं वेड एकच होतं. माणूस जिथं जाईल तिथं काही वेळानं त्या जागेचा यजमान व्हायचा. स्वतःच्या घरात आपण सगळेच यजमान असतो. मालक एसटी स्टँडवरही यजमान असत. मुरबाडची गाडी उशिरा आली की हे फलाटावर फिरून बायकांना सावलीत जागा करून देणार, म्हाताऱ्यांना म्हणणार, "बसा, बसा. येईल ती. घाटात गर्दी असंल." लोकांना वाटायचं, हे स्टँडचेच कोणीतरी. एकदा एक आजी त्यांच्यावर तोंड सोडून बोलल्या, की तुमच्या गाड्यांना काही धरबंध नाही, माझी नात तिकडं वाट बघतेय. मालकांनी दोन्ही हात जोडले. म्हणाले, "चुकलं आजी. उद्यापास्नं वेळेवर सोडतो."

मी म्हटलं, "काका, तुम्ही कशाला माफी मागता? तुमची आहे का गाडी?"

"मग कोन मागनार?" ते म्हणाले. "तिला कोनीतरी मागायला पायजे ना गो."

आटगावचं लग्न तर त्यांच्या चरित्रातलं सोन्याचं पान. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दोन मांडव होते, दोन वेगळी लग्नं. मालक आमच्या पुढं चालत गेले. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि मी मागून पोचलो, पत्रिकेत बघून बरोबर मांडवात शिरलो आणि बसलो. अक्षता पडल्या तरी मालकांचा पत्ता नाही. काकींनी सहज रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरच्या मांडवाच्या दारात मालक उभे होते, हातात गुलाबपाण्याची झारी, आणि "या, या, या" चाललेलं. मुलीकडचे समजत होते की हा नवऱ्याचा कोणीतरी काका, आणि मुलाकडच्यांना वाटत होतं, नवरीचा मामा असणार. मी धावत जाऊन कानात सांगितलं, "काका, आपलं लग्न पलीकडे आहे." त्यांनी एकदा पलीकडे पाहिलं, एकदा मागे पाहिलं. मागे पंगत बसत होती.

"आता मधीच कसा सोडू?" असं म्हणून त्यांनी भाताचं घमेलं उचललं.

शेवटच्या पंगतीपर्यंत ते वाढत होते. नवरी निघाली तेव्हा तिचे वडील त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि मालकही रडले. परत येताना रिक्षात काकींनी विचारलं, "कोन होती ती पोरगी?"

"ठाऊक नाय," मालक डोळे पुसत म्हणाले. "पन गुनी होती."

तिथंही ते जेवले नव्हते. घरी येऊन त्यांनी सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. हे मला फार दिवस कोडं होतं. दुनियेला जेवू घालणारा हा माणूस दुसऱ्याच्या घरी पाण्याशिवाय काही घेत नसे. मी एकदा मोठ्या हौसेनं पुरणपोळ्या केल्या आणि त्यांना बोलावलं. ते आले, दारातच उभे राहिले, वासाची तारीफ केली, मग आत येऊन पोळपाटाशेजारचं ताट उचललं, त्यात पोळी वाढली, तूप घातलं आणि मलाच खायला बसवलं. मी दुसरी पोळी खात असताना ते गेलेसुद्धा.

काकींना विचारलं. त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. काकींचं माहेर वैशाखऱ्याचं, मुरबाडवरून माळशेजकडं जाताना लागतं ते. बोलणं कमी. हसायच्या तेव्हा आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "लहान होते तवाची गोष्ट. यांच्या गावात मोठ्या घरचं लगीन होतं. बोलावनं आलेलं. बापानं यांना नवा सदरा घालून नेलं. तिथं यांना गोठ्याच्या मागं बसवलं, घरनं नेलेल्या ताटात वरनं वाढलं. यांनी बापाला विचारलं, आपन पाहुने ना? तर बाप म्हनाला, पाहुने नाय रे. बोलावलेले."

तांदळातला एक खडा त्यांनी लांब फेकला.

"तेवढंच. नंतर आपली नोकरी लागली, घर झालं. घराचा उंबरा बसवला त्या दिवशी मला म्हनाले, हितं जो येईल तो पाहुना. बोलावलेला कोनी नाय."

त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. मग काकींचे खांदे हलायला लागले. "ते सगलं बरोबर हाय गो. पन यांच्या पाहुन्यांना वाढता वाढता मला कुठं पाहुनी व्हायला मिललंच नाय!"

काकींना एक गोष्ट मात्र मनापासून हवी होती. त्यांच्या विहारात एका वैशाख पौर्णिमेला भंतेजी आले होते. त्यांनी बोलता बोलता सांगितलं, की दिल्लीच्या मोठ्या संग्रहालयात भगवान बुद्धांच्या अस्थी ठेवल्यात, कोणीही जाऊन बघू शकतो. काकी त्या दिवसापासून म्हणत होत्या, "आपन दिल्लीला जाऊया." मालकांचं उत्तर तयार असे. कधी मुरबाडहून भाचा यायचा असे, कधी भात झोडायला माणसं यायची असत, कधी नुसतंच, "कोनी आलं तर? घर बंद दिसंल." खरी अडचण वेगळी होती, ती मला हळूहळू कळली. दिल्लीत राहायचं तर कोणाच्या तरी छपराखाली राहावं लागणार, कोणीतरी वाढलेलं खावं लागणार.

एका सकाळी काकी मागच्या जिन्यानं माझ्या खोलीत आल्या. "मॅडम, तुजी दिवालीची सुट्टी कदी लागते?"

मी सांगितली.

"तिकिटं काढ. तीन. यांना सांगू नको. मी सांगते."

कसं सांगितलं ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी मालक ओट्यावर बसून होते आणि फाटकाशी आलेल्या पोस्टमनला त्यांनी एकदाच "या" म्हटलं.

त्यांची अट एकच होती. जायचं, भेटायचं, यायचं. रविवारी पोचायचं, सोमवारी सकाळी संग्रहालय, सोमवारी रात्री परतीची गाडी. मी म्हटलं, "काका, संग्रहालयाच्या वेळा बघून घेते." ते म्हणाले, "मी इचारून ठेवलंय. कॉलनीतला एक जन गेलेला. दहाला उघडतं." हे अगदी खरं होतं. दहालाच उघडतं.

कल्याणहून गाडी सुटली तशी मालक डब्याचे यजमान झाले. समोरच्या बाकावरच्या जोडप्याला त्यांनी खिडकी मिळवून दिली, वरच्या बाकावरून एका सैनिकाला खाली उतरवून चिवडा खायला घातला, चादरींचं गाठोडं घेऊन येणाऱ्या पोऱ्याला "दमला असशील रे, बस" म्हणून आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः दोन डबे चादरी वाटल्या. काकी खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनी एक भला मोठा डबा भरून आणला होता, परतीच्या प्रवासासाठी वेगळा, त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. रविवारी रात्री दिल्लीत आम्ही एका विहाराच्या धर्मशाळेत उतरलो. तिथं भाडं भरून पावती मिळते, म्हणून मालकांची त्याला हरकत नव्हती.

सोमवारी सकाळी काकींनी पौर्णिमेला नेसतात ती पांढरी साडी नेसली. मालकांनी शर्टाच्या बाह्या, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, खाली सोडून बटणं लावली. आम्ही दहाच्या आधीच फाटकाशी पोचलो. मोठं लोखंडी फाटक, आत हिरवळ, पलीकडे भव्य इमारत. फाटक बंद होतं. खुर्चीवर एक पहारेकरी बसला होता, पस्तिशीचा, गोरा, पहाडी चेहऱ्याचा.

"आज मंडे है, बाबा," तो म्हणाला. "सोमवार को बंद रहता है."

मालकांना समजलंच नाही. "बंद? मंजे दोपहर को खुलेगा?"

"नहीं बाबा. कल."

"पर हम लोग ठाना डिस्ट्रिक से आया है."

"आप चाँद से भी आओ तो भी कल ही खुलेगा," पहारेकरी म्हणाला, पण चांगल्या आवाजात म्हणाला.

मालक माझ्याकडे वळले. मी काकींकडे पाहिलं. काकी रस्त्याकडेच्या जांभळीच्या झाडाखाली गेल्या, पदर नीट आवरला आणि कट्ट्यावर बसल्या. रागावल्या नव्हत्या, रडल्या नव्हत्या. एसटीची वाट बघायला बसतात तशा बसल्या.

"रात्री गाडी हाय," मालक जवळ जाऊन म्हणाले.

"गाडी जाऊंदे."

"अगो, मग र्‍हायचं कुठं? खायाचं काय?"

"माज्या आयसनं दीक्षा घेतली तवा मी पोटात होते," काकी म्हणाल्या. "इतक्या वर्सांनी दारापर्यंत आले. एक दिवस थांबले तर काय मरत नाय. तुमाला जायाचं तर जा."

मालकांना काय करावं कळेना. ते फाटकाशी गेले, परत आले, परत फाटकाशी गेले. अशा वेळी माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. तेवढ्यात एक रिक्षा थांबली, तीतून बिहारकडचं एक कुटुंब उतरलं, नवरा, बायको, दोन मुलं आणि काठी टेकत एक म्हातारी. मालक लगबगीनं पुढं झाले.

"आव, आव, आव. आज मंडे, बंद है. कल आनेका. पर अभी आया है तो बैठो. धूप में आया है."

पहारेकरी उठून उभा राहिलाच होता, तर मालकांनी त्याची खुर्ची उचलून जांभळीखाली नेली आणि म्हातारीला बसवलं. मग काकींकडे बघून हात पुढे केला. काकींनी क्षणभर विचार केला, आणि परतीच्या प्रवासाचा तो डबा त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर त्या फाटकाशी जे चाललं ते मी आजही डोळ्यांपुढं आणू शकते. दोन परदेशी मुली आल्या. मालकांनी त्यांना "टुडे होम क्लोज, टुमारो कम" असं सांगून तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. त्यांच्यातली एक चटणीनं लालबुंद झाली, तर मालक पळत जाऊन पाणी घेऊन आले. राजस्थानातून शाळेच्या मुलींची बस आली. बाई अगदी हिरमुसल्या होत्या. मालकांनी मुलींना रांगेनं सावलीत बसवलं, एकेकीच्या ओंजळीत चिवडा घातला आणि बाईंना समजावलं की आज किल्ला बघा, उद्या सकाळी हे बघा, म्हणजे दोन्ही होईल. किल्ला कुठल्या दिशेला आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण हात त्यांनी खात्रीनं दाखवला. पहारेकऱ्यानं मागून हळूच योग्य दिशा सांगितली. मुलींनी बस हलताना खिडकीतून "टाटा बाबा" म्हणून आरडाओरडा केला. आलेला एकही माणूस त्या बंद फाटकावरून तोंड पाडून गेला नाही. दुपारपर्यंत डबा रिकामा झाला.

पहारेकऱ्याची पाळी संपली. दुसरा आला. पहिला मालकांजवळ येऊन उभा राहिला.

"बाबा, इतने साल से यहाँ हूँ. हर सोमवार को लोगों की गाली खाता हूँ. आज पहली बार किसी ने गाली नहीं दी." मग रिकाम्या डब्याकडे पाहून म्हणाला, "अपने लिए तो कुछ रखा नहीं आपने. मेरा घर पास में है. चलिए, खाना खाइए."

"नहीं, नहीं," मालक एकदम मागे सरकले. "हमारा हो गया. एकदम पेट भर के."

सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"माँ है घर पे, बीवी है. दो रोटी की तो बात है."

"नहीं भाई, तुम जाव. हम इधर ठीक है."

काकी कट्ट्यावरून उठल्या. साडीची माती झटकली. आयुष्यभर मालिका बघून कमावलेलं सगळं हिंदी एकवटून त्या म्हणाल्या, "चलो भैया. मैं आती है."

"अगो..." मालक म्हणाले.

"तुमी थांबा पायजे तर," काकी म्हणाल्या आणि चालायला लागल्यासुद्धा. मी त्यांच्यामागे निघाले. थोड्या वेळानं मागून चपलांचा आवाज यायला लागला.

पहारेकरी गढवालचा होता. एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्याची एक खोली, पुढं चिंचोळी गॅलरी. आम्ही आत गेलो. मालक चपला काढून दाराबाहेरच उभे राहिले, भिंतीला हात टेकून. मी बघत होते. त्या उंच माणसाचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता. आत खाटेवर पहारेकऱ्याची आई बसली होती, पिकलेली, नाकात मोठी फुली. तिनं डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं.

"वो बाहर क्यों खड़ा है? अरे अंदर आ! मेहमान बाहर खड़ा रहता है क्या?"

मालक हलले नाहीत. म्हातारी स्वतः उठली, गुडघे धरत दारापर्यंत गेली, त्यांचं मनगट पकडलं आणि ओढत आणून खाटेवर आपल्या शेजारी बसवलं. घरात बसायला तेवढीच चांगली जागा होती.

सुनेनं ताटं वाढली. राजमा, भात, आणि काळसर जाड रोट्या. काकींनी रोटीचा तुकडा तोडला आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगो, ही तर नाचनीची! आमच्या वैशाखऱ्याची भाकरी हितं कुठनं आली?" सुनेनं सांगितलं, त्यांच्या पहाडात ही रोज होते. मग त्या दोघींचं असं काही जमलं की एक हिंदीत बोलतेय, दुसरी मराठीत, आणि कुठं अडत नाही.

मालकांचे हात मात्र ताटाकडे जात नव्हते. सून भाताचं पातेलं घेऊन आली तसे ते उठले, "लाव, मैं देता है." म्हातारीनं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या दिसला, परत उठले. परत खाली बसवलं. पुढच्या वेळी म्हातारी चिडली. "चुप करके बैठ! मेहमान है तू. मेहमान का काम कर."

"क्या काम?" मालकांनी अगदी खरं विचारलं.

"खा."

त्यांनी मान खाली घातली. पहिला घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. सून तव्यावर रोटी उलटत होती. दुसरा घास घेतला. मग भराभर जेवायला लागले, भुकेल्या माणसानं जेवावं तसे. रोटी संपली, आणि मालकांनी, मी माझ्या कानांनी ऐकलं, अर्धवट हात वर करून म्हटलं, "और एक... मिलेगा?"

काकींचे खांदे हलायला लागले. इतके हलले की त्यांनी पदर तोंडात धरला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. म्हातारीनं स्वतःच्या हातानं मालकांच्या ताटात दोन रोट्या टाकल्या.

निघताना मालकांनी म्हातारीच्या पायांना हात लावला. आम्ही खाली गल्लीत आलो. मी मोबाईलवर रात्रीची तिकिटं रद्द करून दुसऱ्या दिवशीची काढत होते. मग ते म्हणाले, "मॅडम, पाहुन्याचं काम लय अवघड असतं गो. नुसतं बसायचं."

"जमलं पण तुम्हाला."

"जमलं थोडं थोडं," ते म्हणाले आणि पोटावरून हात फिरवला.

रात्र त्याच धर्मशाळेत काढली, मंगळवारी फाटक उघडं होतं. आमचा पहारेकरी खुर्चीवरून उठून सलाम करून म्हणाला, "आइए, आइए." मालक संकोचले, पण आत गेले. दोन्ही हात मागे बांधून, पाहुण्यासारखे.

मला वाटलं होतं, ते सगळं भराभर बघतील. पण ते एकेका काचेपाशी थांबत होते. इतिहासाशी त्यांचं काही भांडण नव्हतं आणि काही ओळखही नव्हती. पाट्या ते वाचत नसत. मातीचे रांजण बघून म्हणाले, "घरात मानसं भरपूर असनार." हडप्पा काळातली ती इवलीशी काशाची मुलगी बघायला गर्दी होती. काकी वाकून वाकून बघत होत्या. "एवढीशीच? पन तोरा बघ. कंबरेवर हात. माजी मावशी अशीच उभी र्‍हायची, पान्याच्या रांगेत."

एका मोठ्या काचेखाली उत्खननात सापडलेला सांगाडा होता, जसा पुरला होता तसा ठेवलेला. डोक्याशी मातीची भांडी. मालकांनी मला विचारलं ही कशाची. मी वाचून सांगितलं की मेलेल्या माणसाबरोबर अन्नपाणी ठेवायची तेव्हा पद्धत होती.

मालक काचेवर कपाळ टेकवून बघत राहिले.

"जेवन देऊन पाठवलं," ते म्हणाले. "चांगली मानसं होती."

माझ्याबरोबर कॉलेजच्या सहलीनं त्या संग्रहालयात पुढं किती तरी मुलं आली, मी त्यांना सनावळ्यांसकट सगळं सांगितलं. पण त्या काचेपाशी पोचले की मला तेवढंच एक वाक्य आठवतं.

अस्थी होत्या त्या दालनात शिरताना काकींनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मधोमध सोनेरी, नक्षीदार मंडप होता, आणि त्यात काचेच्या आत हाडांचे बारीक तुकडे. किती बारीक! इतक्या लांबून आलो ते एवढ्याशा कणांसाठी, असं मला वाटून गेलं. काकींना तसं काही वाटलं नसावं. त्या हात जोडून उभ्या होत्या आणि श्वास लागल्यासारखी त्यांची छाती वरखाली होत होती.

मंडपासमोर बाहेरच्या देशातून आलेल्या दहाबारा बायका जमिनीवर बसल्या होत्या. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, केस अगदी बारीक कापलेली, सुरकुत्यांनी चेहरा भरलेली, तिनं मान वळवून काकींची पांढरी साडी पाहिली. मग सरकून शेजारी जागा केली आणि जमिनीवर तळव्यानं थोपटलं. काकी गेल्या आणि बसल्या. म्हातारीनं पुन्हा मागे पाहिलं. मालक खांबाशी उभे होते, पिशव्या धरून. तिनं दुसऱ्या बाजूला थोपटलं. मला वाटलं, आता "नहीं, नहीं" येणार. मालकांनी पिशव्या माझ्याकडे दिल्या आणि जाऊन मांडी घालून बसले.

बायकांनी म्हणायला सुरुवात केली. त्यांची भाषा आम्हाला एका अक्षरानं येत नव्हती, पण म्हणत होत्या ती त्यांची भाषा नव्हतीच. ते पालीतलं त्रिसरण होतं. शब्द तेच, चाल निराळी. जिथं काकींच्या विहारात आवाज वर चढतो तिथं त्यांचा खाली उतरत होता. काकी दोन ओळी नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी सूर लावला, शहापूरच्या विहारात लावतात तोच, मोकळा, शेतात एकमेकींना हाक मारताना असतो तसा. पुढं बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं, हसल्या, आणि त्यांनी आपली चाल थोडी धीमी केली. मग मालकांचा जाड आवाजही त्यात आला. मला येत नव्हतं. मी पिशव्या छातीशी धरून उभी होते.

झाल्यावर म्हातारीनं काकींचा हात आपल्या हातात घेतला आणि काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण कुठून आलात, असंच विचारलं असणार. काकींनी छातीवर हात ठेवला.

"वैशाखरे," त्या म्हणाल्या. आणि समोरच्याला सोपं जावं म्हणून पुढं, "मुरबाडच्या म्होरं."

म्हातारीनं मन लावून ऐकलं. "वै-सा-का-ले," असं म्हणून बघितलं.

"खरे. वैशाखरे."

"वै-शा-ख-रे."

"हां!" काकी म्हणाल्या.

मग म्हातारीनं आपल्या छातीवर हात ठेवून आपल्या गावाचं नाव सांगितलं. लांबलचक होतं, मध्येच घंटेसारखा नाद होता त्यात. काकींनी म्हणून पाहिलं, चुकलं. म्हातारीनं दुरुस्त केलं. परत चुकलं. पुढच्या खेपेला ते बरोबर आलं असावं, कारण म्हातारीनं एकदम टाळी वाजवली आणि दोघी अशा हसल्या, काकीही चक्क आवाज करून हसल्या, की कोपऱ्यातल्या पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. दोघींनी घाईघाईनं तोंडावर हात धरले. हात मात्र एकमेकींचे सोडले नाहीत.

मालक उठून माझ्याजवळ आले. कितीतरी वेळ त्या दोघींकडे बघत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "नात्यातली निघाली का गो?"

"निघाली," मी म्हटलं.